सुरुवात कुणी दाखवायची?

गोळी लागली तर तिला तारीख असते, ठिकाण असतं, पाहणारे असतात. कंपवाताला यातलं काहीच नसतं. हात थरथरताना दिसेपर्यंत मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. त्याच्या कितीतरी आधीपासून वास कमी येतो, पोट साफ होत नाही, माणूस झोपेत लाथा झाडतो. पोट साफ होत नाही म्हणून कुठला हवालदार सिक रिपोर्टला जाईल?

सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनचा वाद या न झालेल्या नोंदीभोवती फिरतो. साधारणपणे अपंगत्व किमान २० टक्के लागतं आणि ते नोकरीमुळे आलेलं किंवा नोकरीने वाढलेलं असावं लागतं. टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं. दुसऱ्या अटीवर मात्र अशा आजारात प्रामाणिक डॉक्टरही ठाम बोलू शकत नाही. मग प्रश्न वैद्यकाचा राहत नाही. न कळण्याचा तोटा कुणी सोसायचा, हा होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंह प्रकरणात याचं उत्तर दिलं. लष्कराच्या सिग्नल्समधला हा शिपाई १९८५ साली भरती झाला आणि फिट्‌समुळे १९९४ साली घरी आला. बोर्डाने आजाराचा नोकरीशी संबंध नाही असं लिहिलं. कारण लिहिलं नाही. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. उलट सिद्ध करणं सरकारचं काम आणि संशयाचा फायदा जवानाचा.

पण हा आधार नोकरीतच आजार दिसला तरच. जवान चाळिशीच्या आसपास सुटतो, कंपवात बहुधा साठीच्या आसपास उघड होतो. २०२३पर्यंत सुटलेल्यांना लागू असलेल्या २००८च्या नियमांत एक कलम आहे: सुटल्यावर १५ वर्षांनी दावा केला आणि तोवर कागद मुदतीप्रमाणे नष्ट झाले असले, तर पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर. कागद एकाने नष्ट करायचे आणि पुरावा दुसऱ्याने आणायचा! हे नियम ज्यांना लागू झाले, त्या पहिल्या तुकड्यांची ती १५ वर्षं आता भरलीही आहेत. अमेरिकेने २००८ सालीच स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएसपुरता हा घोळ संपवला. सलग ९० दिवस सेवा केलेल्या माजी सैनिकाला तो झाला की तो सेवेमुळेच, असं सरकारच धरून चालतं. नेमकं कारण तिथेही सापडलेलं नव्हतं.

म्हणून अंबड-भोकरदनकडच्या माजी सैनिकाने जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपील लिहून घेताना आपल्या पोस्टिंगचा पोवाडा गाऊ नये. आधी बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागावी आणि ‘संबंध नाही’ याच्यापुढे कारण कुठे आहे, एवढंच विचारावं. पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत, दावा नाकारल्यापासून सहा महिन्यांच्या आत, मग दुसरं, मग मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण. तिथे उशिरा पोचलं तर थकबाकी बहुधा दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. आणि टक्के मिळाले तरी आजार थांबत नाही. बोर्डाचा आकडा अंतिम धरला जातो, जोवर तो माणूस स्वतः फेरतपासणी मागत नाही. तो अर्ज सही करता येते आहे तोवर दिलेला बरा.