विषमांमधील समता: जागतिक व्यापाराचे नियम आणि न्यायाचा प्रश्न

व्यापाराचा नियम सर्वांना सारखा लावला म्हणजे तो न्याय्य ठरतो का, हा प्रश्न जागतिक व्यापारव्यवस्थेच्या मुळाशी आहे. श्रीमंत आणि गरीब देशांमधला गेल्या पाऊणशे वर्षांचा वाद शुल्क, अनुदान, पेटंट अशा रूक्ष शब्दांत चालत आला असला, तरी मुळात तो नीतिशास्त्राचा वाद आहे. नियमापुढे सगळे सारखे असले की न्याय झाला, असे एक पक्ष मानतो. ज्यांचे बळ सारखे नाही त्यांना सारखाच नियम लावला तर बलवानाचेच पारडे जड होते, असे दुसरा पक्ष म्हणतो.

मुंबईच्या गिरण्यांना हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी भेडसावला. तिजोरीतील तूट भरून काढण्यासाठी ब्रिटिश सरकारने 1894 मध्ये आयात कापडावर शुल्क बसवले. त्यामुळे हिंदी गिरण्यांना आयते संरक्षण मिळते, अशी ओरड लँकेशायरच्या गिरणीमालकांनी केली. 1896 च्या कायद्याने त्यावर तोड काढली ती अशी: विलायती कापडावर 3.5 टक्के शुल्क आणि हिंदी गिरण्यांत विणलेल्या कापडावरही 3.5 टक्के कर. कागदावर यापेक्षा चोख समता शोधून सापडणार नाही. पण लँकेशायरचा उद्योग शतकभर मुरलेला होता आणि मुंबईचा जेमतेम चाळीस वर्षांचा. लँकेशायरचा भर तलम कापडावर होता, तर हिंदी गिरण्यांचा जाड्याभरड्यावर. म्हणजे कराचा भार गरिबाच्या अंगावरच्या कापडावर पडला. या कराची वसुली थांबायला 1925 साल उजाडावे लागले.

समतेची ही अडचण तत्त्वज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. समानांना समान आणि असमानांना त्यांच्या असमानतेच्या प्रमाणात वागवणे म्हणजे न्याय, असे ॲरिस्टॉटलने मांडले. भारतीय परंपरेत अर्थशास्त्रासारख्या ग्रंथांनी मत्स्यन्यायाची कल्पना दिली. दंडशक्ती नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून नियम राखणारी सत्ता हवी, असा तिचा आशय. या दोन विचारांत पुढच्या सगळ्या वादाचे बीज आहे: दुर्बळाला नियम हवाच, पण तो नियम त्याची दुर्बळता ओळखणाराही हवा.

मुक्त व्यापाराची बाजू मात्र वेगळ्या पायावर उभी राहिली. डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन यांचे उदाहरण घेऊन दाखवले की, एखादा देश सगळ्याच वस्तू अधिक कुशलतेने बनवत असला, तरी दोघांनी आपापल्या तुलनात्मक सोयीची वस्तू बनवून अदलाबदल केल्यास दोघांचाही फायदा होतो. हा युक्तिवाद तर्काला पक्का आहे आणि आजही टिकून आहे. पण आज कोणाला काय सोयीचे आहे, एवढेच तो सांगतो. ती सोय कशी घडली आणि उद्या कशी बदलता येईल, हे त्याच्या कक्षेबाहेर राहते. फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने 1841 मध्ये नेमके याच जागी बोट ठेवले. संरक्षणाच्या शिडीने वर चढलेले राष्ट्र ती शिडी लाथेने पाडून इतरांना मुक्त व्यापाराचा उपदेश करते, असा त्याचा आरोप होता. इतिहास त्याला दुजोरा देतो. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडने भारतीय सुती कापडावर बंदी घालून आपला उद्योग वाढवला होता. अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टनने 1791 च्या अहवालात बाल्यावस्थेतील उद्योगांना सरकारी आधार मागितला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात हाच धागा उचलला. इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखे लागू पडत नाहीत. त्या त्या देशाची परिस्थिती, संस्था आणि इतिहास पाहूनच धोरण ठरले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापाराचे नियम प्रथमच जागतिक पातळीवर लिहिले गेले. 30 ऑक्टोबर 1947 रोजी जिनिव्हात 23 देशांनी गॅट करारावर सह्या केल्या. भारत त्यांपैकी एक होता. कराराचा कणा होता भेदभाव न करण्याचा नियम: एका सदस्याला दिलेली शुल्कसवलत सर्व सदस्यांना मिळाली पाहिजे. दुर्बळ देशासाठी हा नियम मोलाचा होता. मोठ्या देशांनी आपापसांत सौदा केला, तरी त्याचा लाभ न मागता त्याच्याही पदरी पडे. याच सुमारास आंतरराष्ट्रीय व्यापार संघटनेचा मसुदा हवानात तयार झाला. रोजगार, कच्च्या मालाच्या किमती आणि विकास यांनाही त्यात जागा होती. पण अमेरिकेच्या काँग्रेसची मान्यता कधीच मिळाली नाही आणि ती संघटना कागदावरच राहिली. तात्पुरता म्हणून केलेला गॅट जवळजवळ अर्धशतक चालला.

या काळात नियम मोडले ते प्रामुख्याने सबळांनी. अमेरिकेने 1955 मध्ये आपल्या शेतीसाठी गॅटच्या बंधनांतून सूट मिळवली. पुढे युरोपनेही शेतीभोवती तटबंदी उभारली. गरीब देशांना औद्योगिकीकरणाची पहिली पायरी ठरणारे कापड 1961 पासून कोट्यांत अडकले. 1974 मध्ये या कोट्यांचे जाळे आणखी विस्तारले आणि ते संपायला 1 जानेवारी 2005 उजाडले. ज्या दोन क्षेत्रांत गरीब देश स्पर्धा करू शकत होते, नेमकी तीच दोन क्षेत्रे मुक्त व्यापाराच्या नियमाबाहेर होती.

अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी या असंतोषाला सिद्धांताचे रूप दिले. कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती काळाच्या ओघात घसरत जातात, म्हणजे तेवढेच यंत्र घेण्यासाठी दरवर्षी अधिक कॉफी किंवा अधिक कापूस द्यावा लागतो, असे त्यांनी 1950 च्या सुमारास मांडले. 1964 मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, म्हणजे अंक्टाड, जिनिव्हात भरली. प्रेबिश तिचे पहिले महासचिव झाले आणि विकसनशील देशांचा 77 जणांचा गट तिथेच जन्मला. पुढच्याच वर्षी गॅटला जोडलेल्या नव्या भागात श्रीमंत देशांनी गरीब देशांकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याचे तत्त्व मान्य केले. 1968 च्या दिल्ली परिषदेत शुल्कसवलतींच्या योजनेला संमती मिळाली आणि 1979 मध्ये अशा विशेष वागणुकीला कायमचा आधार लाभला. असमानांना असमान वागवण्याचे ॲरिस्टॉटलचे सूत्र अशा रीतीने व्यापारकायद्यात शिरले.

परंतु ते हक्क म्हणून न शिरता दान म्हणून शिरले, आणि यातच त्याचा दुबळेपणा होता. सवलत कोणत्या वस्तूंना आणि किती काळ द्यायची, हे देणारा देश ठरवी आणि हवी तेव्हा काढूनही घेई. शिवाय ज्याच्याकडून काही मागायचे नाही त्याला वाटाघाटीत काही देण्याचीही गरज उरत नाही. खरा सौदा श्रीमंतांमध्येच होत राहिला.

संमतीचा प्रश्न याहूनही खोल जातो. गरीब देशांनी करारांवर स्वेच्छेने सह्या केल्या, मग तक्रार कसली, असे विचारले जाते. पोप सहावे पॉल यांनी 1967 मध्ये ‘पॉप्युलोरम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रात त्याला उत्तर दिले. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये मजुरीविषयी म्हटले होते की, पोटाच्या गरजेपोटी मजुराने कमी मजुरीला होकार दिला म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही. पॉल यांनी हाच न्याय राष्ट्रांमधील करारांना लावला: दोन पक्षांची स्थिती फार विषम असेल, तर नुसत्या संमतीने करार न्याय्य होत नाही. नाही म्हणण्याची ऐपत ज्याला आहे, त्याच्याच होकाराला अर्थ असतो.

उरुग्वे फेरीत ही ऐपत पणाला लागली. 1986 मध्ये सुरू झालेल्या या वाटाघाटींतून 15 एप्रिल 1994 रोजी मराकेश करार झाला आणि 1 जानेवारी 1995 पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. शेती, सेवा, बौद्धिक संपदा हे सारे एकाच गाठोड्यात बांधलेले होते. घ्यायचे तर सगळे, नाहीतर काहीच नाही. गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांच्या 1991 च्या मसुद्यावरून भारतभर वादळ उठले. डंकेल प्रस्ताव म्हणजे नवी गुलामगिरी, असे अनेक संघटना म्हणत होत्या. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी मात्र प्रस्तावाला पाठिंबा दिला. निर्यातबंदी आणि पाडलेले भाव यांमुळे भारतीय शेतकऱ्याला प्रत्यक्षात ‘उणे सबसिडी’ मिळते, त्यामुळे खुल्या बाजाराने त्याचे भलेच होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. भारत सरकारने गॅटला दिलेल्या आकडेवारीतही बहुतेक पिकांचा आधार उणे दिसत होता. या युक्तिवादातला नैतिक मुद्दा आजही दुर्लक्षिता येत नाही. ‘गरीब देश’ म्हणजे ‘गरीब माणूस’ नव्हे. देशाच्या नावाने मागितलेले संरक्षण देशातल्याच दुर्बळाच्या मुळावर येऊ शकते.

गाठोड्यातील पेटंटच्या नियमांचे परिणाम औषधांत दिसले. भारताच्या 1970 च्या कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट मिळे, पण औषधाला नाही. म्हणून वेगळ्या कृतीने तेच औषध स्वस्तात बनवता येई. एड्सच्या औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च 10,000 डॉलरहून अधिक असताना, मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी 2001 मध्ये तो 350 डॉलरवर आणण्याची तयारी दाखवली. औषधे स्वस्त करू पाहणाऱ्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 39 औषध कंपन्यांनी भरलेला खटला त्याच वर्षी एप्रिलमध्ये मागे घेण्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा परिषदेने जाहीर केले की, पेटंटचा करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये. नियमाचा अर्थ जीविताच्या हक्काने मर्यादित होतो, हे तत्त्व इथे मान्य झाले. 2020 मध्ये कोविडच्या लशी आणि औषधांसाठी भारत व दक्षिण आफ्रिकेने अशीच सूट मागितली, तेव्हा जून 2022 मध्ये हाती आला तो फक्त लशींपुरता आखूड निर्णय.

नियम हाती असणे आणि तो वापरता येणे यांतले अंतर कापसाने दाखवले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी 2003 मध्ये श्रीमंत देशांची कापूस-अनुदाने थांबवण्याची मागणी केली. या अनुदानांनी जागतिक भाव पडतात आणि त्याची झळ विदर्भातल्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. ब्राझीलने अमेरिकेविरुद्ध तक्रार नेली आणि तो जिंकलाही. तेव्हा 2010 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला दरवर्षी 14.73 कोटी डॉलर देण्याचे कबूल केले आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. आफ्रिकेच्या चार देशांना त्यातले काही मिळाले नाही. संघटनेच्या व्यवस्थेत जिंकणाऱ्याचे शेवटचे हत्यार म्हणजे प्रतिशुल्क. जेमतेम लाखभर वस्तीचा अँटिग्वा आणि बार्बुडा हा देश ऑनलाइन जुगाराच्या खटल्यात अमेरिकेविरुद्ध जिंकला. पण एवढ्या लहान बाजारपेठेने शुल्क वाढवले, तर महाशक्तीचे काय बिघडणार? तरीही दुसरी बाजू खरी आहे. 1997 मध्ये चिमुकल्या कोस्टारिकाने अंतर्वस्त्रांवरील कोट्याविरुद्ध अमेरिकेला हरवले. न्यायासन नसते, तर हेही घडले नसते.

श्रीमंत देशांचे गरिबांशी नाते न्यायाचे की दयेचे, यावर तत्त्वज्ञांत एकमत नाही. जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये एका समाजापुरते सांगितले की, विषमता सर्वांत दुर्बळांच्या हिताची असेल तरच समर्थनीय. पण 1999 मध्ये राष्ट्रांमध्ये हे तत्त्व लावायला नकार देऊन त्यांनी फक्त साहाय्याचे कर्तव्य मान्य केले. व्यापाराने जग एका सहकाराच्या व्यवस्थेत गुंफले असेल, तर न्यायही सीमेपाशी थांबू शकत नाही, असे चार्ल्स बाइट्झ यांचे म्हणणे. टॉमस नेगेल यांच्या मते सार्वभौम सत्तेवाचून असा न्याय संभवत नाही. थॉमस पोगे आणखी पुढे जातात: श्रीमंत देश मदत करत नाहीत एवढाच त्यांचा दोष नाही, अन्याय्य नियम लादून ते प्रत्यक्ष इजा करतात. अमर्त्य सेन यांनी 2009 मध्ये नीती आणि न्याय असा भेद केला. संस्था आणि नियम नेटके असणे ही नीती; त्यांतून माणसांचे प्रत्यक्ष काय होते, हे पाहणे म्हणजे न्याय. व्यापाराच्या प्रश्नाला हाच भेद सर्वांत उपयोगी पडतो, कारण 1896 चा कर नीतीच्या कसोटीला उतरत होता आणि न्यायाच्या कसोटीला नापास होत होता.

आता हा प्रश्न नव्या रूपात समोर आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांसारख्या आयात मालावर युरोपीय संघाने कार्बनआकारणी आणली असून 2026 पासून तिचा पूर्ण टप्पा सुरू झाला आहे. युरोपातला कारखाना जी किंमत मोजतो, तीच बाहेरच्यानेही मोजावी, असा तिचा आधार आहे. हवामानाचे रक्षण हा हेतू लँकेशायरच्या स्वार्थापेक्षा निश्चितच मोठा आहे. पण वातावरणात साठलेल्या कार्बनमध्ये सगळ्यांचा वाटा सारखा नाही; 1992 च्या रिओ परिषदेने म्हणूनच जबाबदारी सामायिक, पण भिन्न असल्याचे मान्य केले होते. शिवाय आकारणीचा पैसा युरोपातच राहतो. दुसरीकडे, नव्या नेमणुका अमेरिकेने रोखल्याने डिसेंबर 2019 पासून संघटनेचे अपील मंडळ ठप्प आहे. हरलेला देश त्या बंद दारी अपील करून निकाल लटकवू शकतो. विकसनशील असल्याचा दावा प्रत्येक देशाने स्वतःच करावा, ही जुनी पद्धतही चीनच्या उदयानंतर तशीच चालवणे कठीण आहे. दुर्बळतेची सवलत दुर्बळालाच मिळाली पाहिजे.

या सगळ्या इतिहासातून न्याय्य नियमाच्या तीन कसोट्या हाती येतात. तो स्वीकारताना दुर्बळाला नाही म्हणता येत होते का? श्रीमंतांनी वर चढताना जी शिडी वापरली, ती तो इतरांसाठी शिल्लक ठेवतो का? आणि तो मोडला गेला, तर लहानातल्या लहान देशाला दाद मिळते का? आजची व्यवस्था यांतल्या एकाही कसोटीला पूर्ण उतरत नाही. तरी ती मोडून टाकणे हा उपाय नाही, कारण नियम गेला की उरतो तो मत्स्यन्याय, आणि त्यात लहान मासा कधीच जिंकत नाही.