मोडेन, पण जरासा हलेन

मराठी माणसाला ताठपणाचे भारी कौतुक. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडी नाही, असा मास्तर किंवा हेडकॅशिअर मी अवघ्या नगर जिल्ह्यात पाहिलेला नाही. माझीही या वाक्यावर निष्ठा होती. ती माझ्याच खालच्या एका दाताने हलवली.

लोणीच्या दंत महाविद्यालयात एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये तो दात धरला आणि मागेपुढे केला. बोटाने का नाही, असे मी विचारले. “काका, बोट मऊ. दात हलला की बोट दबलं, कळत नाही.” (ऑडिटरला शोभेल असे उत्तर!) मिलर नावाच्या दंतवैद्याने १९५० साली पायऱ्या ठरवल्या : नेहमीपेक्षा किंचित जास्त हलला तर पहिली, एक मिलिमीटरपर्यंत दुसरी, त्याहून जास्त किंवा वरखाली दबू लागला की तिसरी.

“आणि शून्य म्हणजे मुळीच न हलणारा?”

“छे! निरोगी दातही ०.२ मिलिमीटरपर्यंत हलतो.” दात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो म्हणे, बारीक तंतूंनी हाडाला टांगलेला असतो आणि घासाचा धक्का ते तंतू झेलतात. जो थेट हाडालाच चिकटतो, तो तसूभर हलत नाही, ठोकला की खणखणतो. तो आजारी!

आमच्या काउंटरवर असा एक खणखणीत सहकारी आहे. पेन्शन काढायला आलेल्या आजींची सही त्याने तीनदा परत केली. “सायबा, हात माझाच हाय, पर ऐकत न्हाई,” आजी म्हणाल्या. आता, खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधीच हुबेहूब जुळत नाहीत. तंतोतंत जुळल्या तर कुणीतरी गिरवल्याचा संशय घ्यावा. पण म्हणून किती सोडायचे? कारण त्याच दुपारी एक बडे खातेदार चेकवर सही न करताच पैसे मागत होते. “उद्या करतो हो, समजून घ्या!” ही तिसरी पायरी. शब्द मात्र आजींचेच : समजून घ्या. आणि आपले मन म्हणजे बोट. समोर कोण आहे त्याप्रमाणे दबते.

दांडी शेवटी रिझर्व्ह बँकेच्याच नियमात सापडली. म्हाताऱ्या, आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठा चालतो. हाताचा जमला नाही तर पायाचासुद्धा! फक्त बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. म्हणजे नियमालाही तंतू असतात. सहकाऱ्याने ते पान उघडलेलेच नव्हते.

आजींनी अंगठा उमटवला, नोटा दोनदा मोजल्या आणि जाता जाता त्याला विचारले, “सायबा, तुझं दात दुखत्यात का रं?”