मान्यता कोणाला नाकारली?

विद्यापीठात कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की हल्ली लगेच ‘राष्ट्रीय शिक्षणा’ची आठवण काढली जाते. जणू टिळक-गांधींच्या काळातली ती विद्यापीठे म्हणजे सत्तेला मुजरा करायला शिकवणाऱ्या पाठशाळाच! सरकारी मान्यता झिडकारून जन्मलेल्या संस्थांच्या नावाने सरकारनिष्ठा मागायची, याला धाडस लागते.

१९०५-०६ची कथा सर्वांना पाठ आहे. विद्यार्थ्यांना राजकारणापासून रोखणारे कार्लाइलचे परिपत्रक, कलकत्त्याची राष्ट्रीय शिक्षण परिषद, बडोद्याची नोकरी सोडून परिषदेच्या कॉलेजचे प्राचार्य झालेले अरविंद घोष, राष्ट्रीय शिक्षणाला स्थान देणारी टिळकांची चतुःसूत्री, विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय आणि १९१० मध्ये सरकारने त्याला ठोकलेले टाळे. भांडण होते ते शाळा कोणाच्या ताब्यात, यावर. वर्गात कोण बसणार, याची त्या पिढीला फारशी फिकीर नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला सुनावले होते, की रयतेच्या पैशावर वरच्या थरांची मुले शिकतात. राष्ट्रीय शिक्षणवाल्यांनी ती तक्रार इंग्रजांच्या नावावर ठेवली आणि पुढे गेले.

पुढे असहकाराच्या लाटेत १८ ऑक्टोबर १९२० रोजी अहमदाबादेत गुजरात विद्यापीठ स्थापन झाले, कुलपती गांधी. या वळणाचा अर्थ आपल्याकडे ठरून गेला आहे: कॉलेज सोडले, चरखा धरला. मला तो अर्थ अपुरा वाटतो. चरख्याला हसणारे पुष्कळ होते, पण त्याने कोणाचा धर्म बुडत नव्हता. खरी ठिणगी पडली ती पुढे थोड्याच दिवसांत झालेल्या ठरावाने. अंत्यज, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या, मुलांना बाहेर ठेवणाऱ्या शाळेला विद्यापीठ मान्यता देणार नाही, असे ठरले. वैष्णव सनातनी खवळले. वर्षभरात स्वराज्य आणू म्हणणाऱ्या माणसाला तेव्हा एकेक शाळा आणि एकेक देणगीदार हवा होता. तरी गांधी हटले नाहीत.

तोवर बहिष्काराचे टोक इंग्रजाकडे होते, ते इथे स्वकीयांकडे वळले. राष्ट्रीय शिक्षणाच्या इतिहासात मला यापेक्षा मोठी घटना दिसत नाही. अर्थात ठराव झाला म्हणून अस्पृश्यता गेली नाही. शिवाय हेच गांधी त्या दिवसांत वर्णाश्रमाची तरफदारीही करत होते. भक्तांना ते आठवायला आवडत नाही. पण मला म्हणूनच तो ठराव अधिक मोलाचा वाटतो. संस्थापकाच्या मतांपेक्षा संस्थेचा नियम चार पावले पुढे होता, असे किती ठिकाणी घडते?

आणि आज राष्ट्रीय शिक्षणाच्या नावाने ‘परकीय विचार नकोत’ म्हणणाऱ्यांनी गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात कोण होते तेही पाहावे. जैन मुनी जिनविजय तिथे प्रमुख होते. हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनावर काम करून आलेले, साखवाळच्या सारस्वत घरातून निघून बुद्धाकडे गेलेले आपले धर्मानंद कोसंबी तिथे पाली शिकवत.