न कळलेल्या प्रश्नाचें उत्तर

नाशिकच्या कॉलेज रोडवरून सायंकाळीं फिरावयास निघालें म्हणजे पाठीवर जड पिशव्या अडकविलेल्या मुलामुलींचे थवे शिकवणीच्या एका वर्गांतून बाहेर पडून दुसऱ्याकडे जातांना दिसतात. त्यांच्या बोलण्यांतले शब्दही आतां आमच्या ओळखीचे झाले आहेत: ऑप्शन, निगेटिव्ह, तुक्का. यांतल्या शेवटच्या शब्दाविषयीं आज थोडें लिहावयाचें आहे. निमित्त आमच्या भाचीचें. ती बारावींत आहे. रसायनशास्त्राची सराव-प्रश्नपत्रिका सोडवीत असतां एके दिवशीं तिनें मान वर न करतांच विचारलें, "मामा, जें मला येत नाहीं त्यावर खूण करून गुण मिळविला, तर तें खोटें बोलणें होतें का?" त्या वेळीं आम्ही 'आधीं अभ्यास कर' असें म्हणून सुटका करून घेतली. वडीलधाऱ्यांची ही जुनी रीत आहे. तिच्याबद्दल गुण वजा होत नाहींत.

परंतु प्रश्न मनांतून गेला नाहीं. अनेक पर्यायांतून एक निवडावयाची ही पद्धत फ्रेडरिक केली या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानें १९१४ च्या सुमारास वाचनाच्या चांचणीसाठीं वापरांत आणली. तपासनीसाच्या लहरीप्रमाणें गुण कमीअधिक पडूं नयेत, हा तिच्यामागचा हेतु. लहर गेली खरी. पण तिच्या जागीं परीक्षार्थ्याचें दैव येऊन बसलें.

या दैवाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या सीईटींत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न होते, प्रत्येकास एक गुण, आणि चुकीला दंड नाहीं. डोळे मिटून सर्वांवर खुणा केल्या तरी सरासरीनें बारा-तेरा गुण पदरांत पडावयाचेच. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'मध्यें त्याच वर्षीं बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीस एक वजा असा नियम होता. या दंडामुळें तुक्क्यास आळा बसतो, अशी पालकांची समजूत असते. पण चार अंदाजांतला एक खरा ठरला, तर चार मिळाले आणि तीन गेले. एक शिल्लक उरलाच! म्हणजे आंधळ्या अंदाजासही नियमानेंच अल्पसें बक्षीस ठेविलें आहे. राज्य मंडळाची, ज्याचें एक विभागीय कार्यालय आमच्याच गावीं आहे, तऱ्हा निराळी. बारावीच्या ७० गुणांच्या लेखी परीक्षेंत असे प्रश्न दहाच. परंतु नुसतें अक्षर किंवा नुसतें उत्तर लिहिल्यास गुण नाहीं, दोन्ही लिहिलीं पाहिजेत, आणि पहिलाच प्रयत्न तपासला जाईल, अशी स्पष्ट सूचना असते. खोडून पुन्हां दैव आजमावण्यास तेथें जागा नाहीं. आम्हांस ही सूचना मोठी शहाणपणाची वाटते.

न येणारे सर्व प्रश्न मात्र सारखे नसतात. नवसागराचें द्रावण आम्लधर्मी असतें एवढें ज्याला ठाऊक आहे, त्यानें पी-एचचे सात आणि सातावरचे आंकडे खोडले, तर उरलेल्या दोहोंतला त्याचा अंदाज आंधळा म्हणतां येणार नाहीं. त्यानें आपल्या ज्ञानाची शिदोरी संपेपर्यंत वाट चालून मग उडी घेतली आहे. याच्या उलट एक दुसरा प्रकार आहे. दिंडोरी-पिंपळगावच्या वाटेवर ज्या द्राक्षांचे मांडव दिसतात, त्यांत टार्टारिक आम्ल असतें. त्याचीं अवकाशीय रचनेच्या भेदानें किती रूपें होतात, हा परीक्षकांचा आवडता प्रश्न. रेणूंत असममित कार्बन दोन. प्रत्येकामागें दुप्पट, हें सूत्र ज्यानें घोकलें तो 'चार' म्हणतो, आणि चार हा आंकडा पर्यायांत हटकून ठेविलेला असतो. खरीं रूपें तीनच. कारण रेणूचे दोन्ही अर्ध सारखे असल्यामुळें चारांतलीं दोन रूपें वस्तुतः एकच ठरतात. पाश्चरनें १८४८ सालीं याच आम्लाच्या एका क्षाराचे, परस्परांचीं प्रतिबिंबें शोभतील असे दोन जातींचे स्फटिक हातानें एकेक करून निवडले होते. तें चित्र ज्याच्या डोळ्यांपुढें आहे तो सहसा फसत नाहीं. ज्याला कांहींच येत नाहीं तोही चारांत एकदां तरतो. अर्धवट घोकणारा मात्र हमखास बुडतो, आणि तो बुडतो तेव्हां आपण तुक्का मारला असें त्याला वाटतही नाहीं!

मग खोटेपणा कोठें आहे? साक्षीदार शपथ घेऊन बोलतो. परीक्षार्थी 'मला हें माहीत आहे' अशी शपथ घेत नाहीं. त्याला 'यांतलें कोणतें?' एवढेंच विचारलेलें असतें आणि अंदाजाची मुभा उभय पक्षांस ठाऊक असते. परीक्षागृहांत केलेल्या खुणेस आम्ही खोटें म्हणणार नाहीं. पण घरीं, सरावाच्या वहींत, तीच खूण दुसरी होते. तेथें तपासणारे आपणच. अंदाजानें आलेला गुण तेथें बेरजेंत मिळविला, कीं तो प्रश्न पुन्हां कधीं उघडला जात नाहीं; न कळलेली गोष्ट कळलेल्यांच्या रांगेंत जाऊन बसते. ज्या मुलांस उद्यां रोग्याच्या उशाशीं उभें राहावयाचें आहे, त्यांना 'मला माहीत नाहीं' हें वाक्य स्वतःशीं तरी बोलतां आलें पाहिजे. चार चौकटींत त्याला पांचवी चौकट नाहीं.

हें आम्ही भाचीस उशिरां कां होईना सांगितलें, आणि एक उपाय सुचविला: आधीं पर्याय हातानें झांकून उत्तर काढावें, आणि जेथें अंदाज चालविला तेथें पेन्सिलीनें ठिपका द्यावा. प्रथम तिला तें आवडलें नाहीं. वर्गांतल्या मुली एकूण गुण विचारतात, ठिपके कोणी विचारीत नाहीं, असें ती म्हणाली. त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

गेल्या रविवारीं तिनें आपण होऊन एक पत्रिका पुढें केली. ५० पैकीं ३९ बरोबर; त्यांतल्या अकरांवर ठिपके. "२८च धरा, मामा," असें म्हणून तिनें पहिल्या ठिपक्याचा धडा उघडला.