रंग कोणी भरला?

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकेचे चित्र लाल-निळे दिसते, पण रेडिओ लहरींना रंग नसतो. दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना मिळून एवढेच सांगतात की, आकाशाच्या कोणत्या ठिपक्यातून किती ऊर्जा आली. हाती येतात ते निव्वळ आकडे. रंग भरतो संशोधक. त्या निवडीचा हिशेब त्याने चित्रातच द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

निळ्यापासून लालपर्यंतची इंद्रधनुषी रंगपट्टी फार लोकप्रिय आहे. तिच्यातला पिवळा डोळ्यांना सर्वांत उजळ भासतो. आकडे संथपणे चढत असले तरी पिवळ्यापाशी एखादी कड असल्यासारखे वाटते, आणि निसर्गात नसलेली सीमा वाचकाच्या मनात पक्की होते. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तर निळा आणि लाल दोन्ही करडेच. केंब्रिजच्या डेव्ह ग्रीन यांनी 2011 मध्ये यावर उपाय सुचवला. त्यांच्या ‘क्यूबहेलिक्स’ पट्टीत रंग बदलत जातात, पण उजळपणा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत न डगमगता चढतो. त्यांचा हा शोधनिबंध छापला भारतीय खगोल संस्थेच्या नियतकालिकाने, याचा मला अभिमान वाटतो.

रेडिओ नकाशाच्या कोपऱ्यात बहुधा एक छोटे लंबवर्तुळ असते. दुर्बिणीला किती बारीक तपशील वेगळा ओळखता येतो, हे ते सांगते. सुमारे 25 किलोमीटरवर पसरलेल्या अँटेनांमुळे ते इतके लहान होते. त्याहून बारीक काही दिसले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. आपली मर्यादा उघडपणे सांगणारी ही खूण मला रंगांपेक्षा मोलाची वाटते.

अशी मर्यादा उघडपणे सांगितल्याचे एक उदाहरण आहे. जून 2023 मध्ये भारतीय आणि युरोपीय संशोधकांनी स्पंदक ताऱ्यांच्या नोंदींवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला. त्यात खोडदच्याही नोंदी होत्या. आलेखात अनिश्चिततेचा पल्ला दाखवलेला होता, आणि शब्दही ‘शोध’ नव्हे, ‘पुरावा’ असाच वापरला होता. आलेख आणि भाषा एकच गोष्ट सांगत होते. असे नेहमी घडत नाही.

हे सारे केवळ तज्ज्ञांपुरते नाही. दुर्बिणीला रेडिओ-शांतता लागते, म्हणून परिसरातल्या उद्योगांवर बंधने आली. नारायणगावमार्गे जाणारी नियोजित पुणे-नाशिक रेल्वेही दुर्बिणीला बाधक ठरेल म्हणून तो मार्ग बदलायचे ठरले. जुन्नर-आंबेगाव तालुक्यांनी या विज्ञानाची किंमत मोजली आहे. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, हुतात्मा बाबू गेनूंच्या महाळुंगे पडवळ गावची एखादी मुलगी खोडदला आली, तर भिंतीवरचे चित्र तिला कोणाला न विचारता वाचता आले पाहिजे. संशोधकांनो, रंगपट्टीवर आकडे लिहा, कोपऱ्यातले लंबवर्तुळ कशासाठी आहे ते मराठीत लिहा, आणि तुमची खात्री कुठे संपते तेही दाखवा.