अटॅचमेंट

बारडोलीला लेकीकडे गेले होते. नात इंग्रजीचे शब्द पाठ करीत बसली होती. "आजी, अटॅचमेंट म्हणजे काय गं?"

"माया, ओढ. तुझी नि माझी आहे ना, तशी," मी लगेच सांगितलं.

जावई पेपर वाचत होते. म्हणाले, "आई, कोर्टात अटॅचमेंट म्हणजे जप्ती!"

मी चमकलेच. एकाच शब्दात माया नि जप्ती? जाडा शब्दकोश काढला. इंग्रजीत जप्तीचाच अर्थ जुना, मायेचा नंतरचा निघाला.

जप्ती या तालुक्याला चांगलीच ठाऊक आहे. सरकारने शेतसारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढवला, तेव्हा फेब्रुवारी 1928 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी वल्लभभाईंच्या शब्दावर तो भरायचं नाकारलं. मग जप्तीवाले आले. भांडीकुंडी नेली, म्हशी ओढून नेल्या. जमिनी खालसा झाल्या. लोकांनी दारं लावून म्हशींसकट स्वतःला घरात कोंडून घेतलं. ऑगस्टमध्ये समेट झाला. पुढे चौकशीत ती वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली.

जिथे जीव गुंतलाय तिथेच हात घालायचा, हे सरकारला बरोबर कळलं होतं. पण त्या बायकांना म्हशी प्रिय नव्हत्या का? होत्याच! त्याशिवाय का अंधाऱ्या घरात त्यांच्यासोबत दिवस काढले? तरी म्हशीपायी त्यांनी दिलेला शब्द मोडला नाही. माया होती, पण मायेला त्या विकल्या गेल्या नाहीत.

तत्त्वार्थसूत्र परिग्रह म्हणतं ते वस्तूला नव्हे, तिच्यावरच्या मूर्च्छेला. स्वाध्यायात हे कितीदा ऐकलं असेल! पाठ झालं होतं, उमगलं नव्हतं.

आईच्या पाटल्यांवरून धाकट्या बहिणीशी माझं सात वर्षं बोलणं नाही. संवत्सरीला सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणते, तिला तेवढं वगळून. पाटल्या माझ्या लॉकरमध्ये सुखरूप आहेत. जप्ती झाली आहे ती माझी. आणि जप्तीवालीही मीच! मैत्रिणींनो, तुमच्याही लॉकरची किल्ली एकदा हातात घेऊन बघा. कोण कोणाच्या ताब्यात आहे?

"आजी, शब्दाचं वाक्य पण करायचंय," नात म्हणाली.

"करू या. आधी मावशीआजीला फोन लावून दे."