समतोल म्हणजे निम्मेनिम्मे?

विंचूरला कांद्याची ट्रॉली लासलगावकडे वळते, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याचा उजवा पाय दोन ब्रेक पेडलांवर एकदम पडतो. शेतात ती सुटी, रस्त्यावर खिटीने जोडलेली. एकच चाक धरलं तर ट्रॅक्टर गर्रकन फिरेल.

मग समतोल म्हणजे समान वाटणी? बदल केलेली स्पोर्ट्स कार तसं मानत नाही. उभ्या गाडीचं वजन पुढे-मागे 50-50 धरा, व्हीलबेस 250 सेंटिमीटर, गुरुत्वमध्य 50 सेंटिमीटर उंच. 0.8 जीचा ब्रेक लागला की तेच 66-34 होतं. मागची चाकं हलकी पडतात. हौशी मालकाने मागे दणकट कॅलिपर बसवले असतील तर तीच आधी लॉक होतात आणि गाडी गिरकी घेते. पुढची आधी लॉक झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, गाडी सरळ घसरते. दोन चुकांत ही बरी!

गीता दुसऱ्या अध्यायात समत्वालाच योग म्हणते. सहाव्यात मात्र आहार-विहार ‘युक्त’ हवा. युक्त, समान नव्हे. अ‍ॅरिस्टॉटललाही मल्ल मिलोचा खुराक नवशिक्यासाठी फार वाटतो.

पावसात पकड घटते, वजन पुढे कमी सरकतं. शर्यतीतला चालक मग केबिनमधली खुंटी फिरवून मागच्या चाकांवर थोडं जास्त काम टाकतो.